खिडकी क्र. ३ : वर्तुळ टेकलं!

गॉथिक पद्धतीच्या दगडी खिडकीची नक्षी कंपासने आखतेय, तिच्यातलं वर्तुळ सहाव्या कागदावर कमानींना टेकलं एकदाचं. मागच्या वेळी अडलं होतं तेच: टोकदार कमान, पोटात दोन छोट्या कमानी आणि त्यांच्या डोक्यावर चतुर्दलाचं, म्हणजे चार पाकळ्यांच्या नक्षीचं वर्तुळ. कमानी झकास जमल्या होत्या, पण वर्तुळ कधी वर फट ठेवायचं, कधी खाली घुसायचं. तीन आठवडे मी नजरेने मध्य शोधत बसले.

परवा दहावीतली भाची डोकावली. "आत्या, हे तर स्पर्शवर्तुळांचं प्रमेय! पेपरात येतं."

आतून स्पर्श असेल तर केंद्रांतलं अंतर म्हणजे त्रिज्यांची वजाबाकी, बाहेरून असेल तर बेरीज. कमान समभुज, रुंदी १२ सेंमी, म्हणून तिची त्रिज्याही १२, छोट्यांची ६. मोठ्या कमानीचा उजवा चाप आणि डाव्या छोटीचा उजवा चाप, दोघांचं केंद्र एकच, कमानीच्या डाव्या पायाचा बिंदू. म्हणजे १२ उणे वर्तुळाची त्रिज्या बरोबर ६ अधिक त्रिज्या. उत्तर ३! दोन्ही पायांवरून ९ सेंमीचे चाप टाकले, छेदले तिथे केंद्र. पेन्सिल फिरवली आणि रेघ तिन्ही कमानींना हलकेच चाटून गेली. दोघी ओरडलोच.

दुसरी चूकही सापडली. मी दगडाच्या कडाच आखत होते. आता आधी मध्यरेषा, मग दोन्ही बाजूंना २ मिमीवर कडा.

पायाच्या बिंदूत कंपासचं टोक इतक्यांदा रुतवलं की भोक पडून केंद्रच हलायला लागलं. तिथे मास्किंग टेपचा दुहेरी तुकडा लावा, फरक पडतो. शाळकरी कंपास मात्र फेकून द्या. माझ्या नव्याकोऱ्याचा स्क्रू चौथ्या चापाला सैल. रेघांना स्टेडलरची २एच पेन्सिल, तिला तोड नाही. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात नीडेड इरेजर (मळून वापरायचा मऊ खोडरबर) म्हणजे च्युइंगम! तळहाताखाली टीपकागद नसेल तर घामाने २बीचं शेडिंग गेलंच समजा.

आता चतुर्दलाच्या पाकळ्या. एकमेकींना टेकणारी चार वर्तुळं, त्रिज्या १.२४ सेंमी निघतेय. त्यानंतर शेडिंग करणार होते, पण थांबा. हीच युक्ती लान्सेटला, म्हणजे उंच, अरुंद टोकदार कमानीला लावली तर? तिथे त्रिज्या रुंदीपेक्षा मोठी, केंद्रं कमानीच्या बाहेर. मुंबईत कुलाब्याच्या १८५८ च्या अफगाण चर्चच्या लान्सेट कमानी कधीच्या खुणावतायत. एवढ्या त्रिज्येला कंपास पुरणार नाही, पट्टीला भोकं पाडून बघते. शेडिंग पुढच्या वेळी. मुंबईला जायला सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट मिळालं तर तेही नाही.