सात बटणांचा प्रोग्राम

आमची बॅच लॉगटेबलवाली. लॉगटेबलाच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. मुलांनो, मी लिहितोय ते त्याची जागा घेणाऱ्या यंत्रांपैकी एकाबद्दल, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९७७ च्या टीआय-५९ या प्रोग्राम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरबद्दल. प्रोग्राम म्हणजे नक्की काय, हे इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं यंत्र मला ठाऊक नाही.

वर्तुळाचं क्षेत्रफळ घ्या. ‘एलआरएन’ (लर्न, म्हणजे शिक) दाबलं की पुढची बटणं फक्त नोंदली जातात. आता लेबल (पुढच्या भागाला नाव देणारं), ए (ते नाव), वर्ग, गुणिले, पाय, बरोबर, आर/एस (रन/स्टॉप, इथे थांब) असं दाबा. मेमरीत सात पायऱ्या जातात: ७६, ११, ३३, ६५, ८९, ९५, ९१. हे बटणांचे पत्तेच आहेत: ३३ म्हणजे तिसऱ्या ओळीतलं तिसरं बटण. ओळीत बटणं पाचच, मग ८९ कसं? ‘सेकंड’ हे बटण आधी दाबलं की पुढचं बटण आपलं दुसरं काम करतं; अशा कामाला रकान्यात पाच मिळवायचे; पाय आठव्या ओळीत चौथ्या बटणावर आहे. (अंकांना मात्र सरळ ०० ते ०९.) पुन्हा ‘एलआरएन’, मग ७ आणि ए: उत्तर १५३.९३८०४.

मेमरीत १२० कप्पे. एका कप्प्यात एक संख्या, नाहीतर आठ पायऱ्या. सुरुवातीला ४८० पायऱ्या आणि ६० संख्या अशी वाटणी असते. ‘१० ऑप १७’ केलं की १६० आणि १००.

यंत्र बंद केलं की सगळं पुसलं जातं, म्हणून चुंबकीय कार्ड. १, सेकंड, राइट (लिही) दाबून कार्ड खाचेत सरकवायचं, मोटर ते ओढून घेते. एका बाजूवर २४० पायऱ्या, म्हणजे ९६० साठी दोन कार्डं. वाचताना वाटणी वेगळी असली किंवा बॅटरी उतरून मोटरचा वेग ढळला, तर आकडे लुकलुकतात. जुनं यंत्र मिळालं तर आधी आतलं रबरी चाक बघा, ते बऱ्याचदा विरघळून चिकट झालेलं असतं.

खरी डोकेदुखी उड्यांची. मध्ये एक पायरी घुसवली की पुढच्या सगळ्या सरकतात आणि ‘जीटीओ १२३’ (गो टू, म्हणजे थेट १२३ व्या पायरीवर जा) ही उडी एक घर अलीकडे पडते. लेबलवर उडी मारली तर हे होत नाही, पण लेबल दरवेळी ००० पासून शोधलं जातं, वेळ जातो. लेबलच्या उडीला पायऱ्या दोन, पत्त्याच्या उडीला तीन. म्हणून लिहिताना ‘जीटीओ ए’नंतर लगेच एक रिकामी पायरी, ‘नॉप’ (६८), ठेवायची. प्रोग्राम नीट चालला की त्याच तीन घरांत पत्ता बसतो, बाकी काहीच हलत नाही.