पाचपैकी एक

उन्हाळ्यात नांदेडला कॅपवर, म्हणजे पेपर तपासणीच्या केंद्रावर होतो, तपासलेले पेपर पुन्हा पाहणारा मॉडरेटर म्हणून. विषय डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, कॉम्प्युटरचं दुसरं वर्ष. मॉडरेटरकडे सगळे पेपर येत नाहीत. तपासलेल्या गठ्ठ्यातून थोडे काढून देतात, नाव-नंबर झाकलेले. तेवढे ठीक निघाले की अख्खा गठ्ठा पुढे.

प्रश्न नेहमीचाच: कोणत्याही ग्राफमध्ये विषम डिग्रीच्या व्हर्टेक्सची संख्या सम असते, हे सिद्ध करा. ग्राफ म्हणजे ठिपके (व्हर्टेक्स) आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा (एज); ठिपक्याला रेघांची जितकी टोकं लागतात ती त्याची डिग्री. पाच गुण. गणितज्ञ ऑयलरचा १७३६ चा निष्कर्ष, कोनिग्सबर्गच्या सात पुलांच्या लेखातला. गाइडमध्ये त्याचं चार ओळींचं उत्तर आहे. सगळ्या डिग्र्यांची बेरीज एजेसच्या दुप्पट, म्हणजे सम; त्यातून सम डिग्र्या वजा केल्या तरी उरतं ते सम; म्हणून विषम डिग्र्या जोडीनंच असणार. पेपरामागून पेपर तेच, गाइडमधल्या छपाईच्या चुकीसकट. लातूर पॅटर्नमध्ये घोटून आलेल्या पोरांना दोष देत नाही. बारावीत त्याच सवयीनं त्यांना इथवर आणलंय.

मग एक पेपर आला, त्यात बेरजेचं नावच नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: आधी सगळ्या एजेस पुसा. नुसते ठिपके उरले, डिग्री शून्य, विषम एकही नाही. आता एजेस एकेक करून परत काढा. एका एजनं दोन टोकांची डिग्री एकेकानं वाढते. दोन्ही टोकं सम होती तर विषम ठिपके दोननं वाढले. दोन्ही विषम होती तर दोननं घटले. एक सम, एक विषम असेल तर नुसती अदलाबदल, संख्या तीच. शून्यापासून निघालो आणि बदल फक्त दोनचाच, मग संख्या विषम होईलच कशी? खाली पेन्सिलीनं पाच ठिपके गोलात जोडलेले आणि दर पायरीला बाजूला आकडा: ०, २, २, ४, २, ०. शेवटी आठवण झाल्यासारखी एक ओळ: लूप, म्हणजे ठिपक्यातून निघून त्याच ठिपक्याला परत येणारी रेघ, असला तर एकाच ठिपक्याची डिग्री दोननं वाढते, फरक पडत नाही.

पूर्ण, निर्दोष सिद्धता. गुण दिला होता एक, आकृतीचा.

"मॉडेल आन्सरशी जुळत नाही सर," परीक्षक म्हणाले. "एका पेपरसाठी कशाला एवढा वेळ घालवायलाव?" ते तासिका तत्त्वावरचे. मानधन पेपरच्या संख्येवर, कूलर फक्त एका कोपऱ्यात, संध्याकाळची एसटी गाठायची. कायम जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत आणि तपासणी मात्र बारकाईची हवी, हे जमणार कसं?

पण ते उत्तर मला सोडवेना. प्रोग्रॅम बरोबर आहे हे सिद्ध करायची रीत हीच आहे: पावलागणिक सगळं बदलत असताना जे टिकतं ते पकडायचं. संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये ही रीत मांडली. प्रोग्रॅममध्ये परत परत चालणाऱ्या भागालाही लूपच म्हणतात; लूप इन्व्हेरियंट म्हणून आम्ही ती शिकवतो आणि पोरं व्याख्या पाठ करतात. पुण्याला नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी सांगतात, तिथं सूत्र कुणी विचारत नाही. यादी रिकामी असली तर काय होईल, हा लूप थांबेल कशावरून, हे विचारतात. या पोरानं किंवा पोरीनं ते न सांगता केलं होतं, ग्राफमधल्या लूपची ओळसुद्धा सोडली नव्हती.

मी पाच गुण दिले आणि कारण लिहिलं. एवढा फरक निघाला तर त्या परीक्षकांचे सगळेच गठ्ठे परत काढा, असं प्रमुखांना म्हणालो. निकाल लांबेल, म्हणून नकार मिळाला. जे पेपर माझ्या हातात आलेच नाहीत, त्यांत असं आणखी काय पडून असेल, हे डोक्यातून जात नाही. पुढच्या पेपरच्या गुणदान योजनेत 'अन्य कोणतीही बरोबर सिद्धता असल्यास पूर्ण गुण' ही ओळ छापावी, असं पत्र दिलंय. उत्तर आलेलं नाही.

जुलैत लातूरला नव्या वर्गापुढे तीच सिद्धता फळ्यावर मांडली, एकेक एज काढत. तिसऱ्या एजला मागच्या बाकावरून कुणीतरी "चार" म्हणालं, मग सगळेच आकडे सांगू लागले. झाल्यावर एकीनं विचारलं, "सर, परीक्षेत असं लिहिलं तर मार्क देतेत का?"

"माझ्याकडे पेपर आला तर पूर्ण देईन," मी म्हणालो. तिनं दोन्ही सिद्धता वहीत उतरवून घेतल्या आणि गाइडवालीपुढे चांदणी काढली.