व्याख्या कुठल्या टोकाला?

दोन दिवसांपूर्वी नकार मिळून अनुमतीपत्र (४)

हा क्लू मी रचलेला; कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. वाचताच एखादा अर्ज, एखादी बंद खिडकी डोळ्यांसमोर येते. ते चित्र आधी पुसून टाकायचं. गूढ शब्दकोड्यात (क्रिप्टिक क्रॉसवर्डमध्ये) उत्तराचा सरळ अर्थ, म्हणजे व्याख्या, जवळजवळ नेहमी क्लूच्या एका टोकाला असते. शेवटचं टोक धरून पाहू: उत्तर म्हणजे अनुमतीपत्र. मग दोन दिवसांपूर्वी म्हणजे परवा, नकार म्हणजे ना, आणि दोन्ही मिळून परवाना. 'मिळून' वाचताना 'हाती येऊन' वाटतं, सोडवताना त्याचं 'एकत्र होऊन' होतं. एकही शब्द फुकट गेलेला नाही.

हा काटेकोरपणा मला फार प्रिय आहे. एडवर्ड पॉइस मॅथर्स १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात 'टॉर्केमाडा' या नावाने कोडी रचत, आणि ती भयंकर अवघड असत. १९३९ मध्ये त्यांच्या जागी डी. एस. मॅकनट आले, 'झिमेनेझ' नावाने. (दोन्ही टोपणनावं स्पेनमधल्या, छळासाठी कुप्रसिद्ध धर्मचौकशीच्या (इन्क्विझिशनच्या) प्रमुखांची! सोडवणाऱ्यांचा छळ अभिप्रेतच होता.) पण मॅकनटनी १९६६ च्या पुस्तकात मांडलेली तत्त्वं सोडवणाऱ्याच्याच बाजूची आहेत. त्यांच्यानंतर आलेल्या 'अझेड' (जोनाथन क्राउदर) यांनी त्यांचं सार असं सांगितलं: अचूक व्याख्या, न्याय्य शब्दखेळ (म्हणजे उत्तराकडे नेणारी दुसरी, अक्षरांची वाट), आणि तिसरं काहीही नाही.

शब्दखेळ ओळखायला सवयीने जमतो. 'गडबडीत विकता ती काव्यरचना (३)' यात 'गडबडीत' दिसलं की अक्षरं हलवायची: विकता, कविता. मराठीत एक पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळते. काना-मात्रा-वेलांटी आपापल्या अक्षराबरोबरच जायला हवी. 'वि'ची वेलांटी काढून दुसरीकडे चिकटवली तर तो सोडवणाऱ्यावर अन्याय आहे.

खरा कस लागतो तो व्याख्येत. शब्दाचा पहिला अर्थ मनात इतका घट्ट बसलेला असतो की दुसरा आत शिरायलाच तयार नसतो. 'अंक' म्हटलं की आकडा, फार तर नाटकाचा किंवा मासिकाचा अंक. मांडी? ती शेवटी, पण शब्दकोशात ती हक्काने बसलेली असते. म्हणून 'मांडीवर बसलेला आकडा' असं काही दिसलं, की मी आधी दोन्ही शब्दांना समाईक शब्द शोधते. दुहेरी व्याख्येच्या क्लूत अक्षरं हलवायला, जोडायला काहीच नसतं, नुसते दोन अर्थ समोरासमोर. 'सरकारला द्यायचा हात (२)' वाचून मदतच आठवते, कारण 'हात देणे' हा वाक्प्रचार आपल्या जिभेवर आहे. वाक्प्रचार मोडून 'द्यायचा'नंतर थांबलं, की सरकारला द्यायचा तो कर, आणि हात म्हणजेही कर.

अडले की मी शब्दाची जात बदलून पाहते. नाम वाटतंय ते विशेषण असेल का? विशेषण वाटतंय ते नाम? 'लायक भांडे (२)' या क्लूत एवढं केलं तरी पुरतं. उत्तर लिहीत नाही. ते नदीलाही असतं आणि नाटकातही.