एमएस, सोबतचे आजार आणि सोलापूरचा उन्हाळा

माझी धाकटी बहीण येथील एका टॉवेलच्या कारखान्यात शिलाई विभागात काम करते आणि तिला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, आहे. या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील मायलिनच्या, म्हणजे मज्जातंतूंना वेढणाऱ्या संरक्षक आवरणावरच हल्ला करते. तो बहुधा वीस ते चाळीस या ऐन कमावत्या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

झटका आला, म्हणजे लक्षणे एकाएकी उफाळली, की काही दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. त्याने सूज लवकर उतरते, परंतु पुढचे झटके टळत नाहीत. त्यासाठी इंटरफेरॉन बीटा, डायमिथाइल फ्युमरेट किंवा रिटुक्सिमॅब यांसारखी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात.

माझ्या मते नोकरी टिकेल की नाही, हे पुष्कळदा सोबतच्या आजारांवर ठरते. नैराश्य, चिंता, रक्तदाब आणि मधुमेह हे एमएसच्या रुग्णांत वारंवार दिसतात. त्यात स्टेरॉइडमुळे साखर वाढते, आणि रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी व क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. सर्वांत फसवा असतो तो थकवा. तो एमएसमुळे येतोच, पण रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, अपुरी झोप आणि नैराश्य यांमुळेही येतो, आणि ही कारणे उपचारांनी बरीच आटोक्यात येतात. म्हणून ‘हे एमएसचेच’ असे म्हणून गप्प बसण्याआधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे आणि मनाच्या अवस्थेविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. एमएसच्या रुग्णाच्या शरीराचे तापमान किंचित वाढले तरी दृष्टी धूसर होणे, पाय जड पडणे असा त्रास होतो. १८९० मध्ये उहथॉफ या जर्मन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले होते. शरीर थंड झाल्यावर तो ओसरतो. त्याने नवी इजा होत नाही, ही गोष्ट मुकादमांना समजावून सांगणे फार आवश्यक आहे, कारण कामचुकारपणाचा संशय रुग्णाला आजाराइतकाच खचवतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. मात्र सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर नोकरीवरून काढता येणार नाही, ही त्यातील तरतूद सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी कारखान्यातील कामगाराने निदान उन्हाळ्यापुरती सकाळची पाळी आणि बॉयलरपासून दूरची जागा, एवढे तरी न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीसह लेखी मागावे. बहिणीला पाळी बदलून मिळाली आहे. जागेसाठीचा अर्ज आम्ही या आठवड्यात देणार आहोत.