ओझर ते दिल्ली: ९९० किलोमीटर आणि द्राक्षांची एक पेटी

लेक दिल्लीला शिकायला गेली तेव्हापासून फेब्रुवारी उजाडला की आमच्या घरी एकच विषय: तिला द्राक्षं कशी पोचवायची? पहिल्या वर्षी मी पंजाब मेलने गेले. नाशिक रोडला रात्री बसले ती दुसऱ्या रात्री दिल्लीत उतरले. भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी असं फिरत रेल्वेचे साडेतेराशेच्या आसपास किलोमीटर होतात. पेटी उघडली तर निम्मे मणी देठापासून सुटून तळाला.

यंदा ओझरहून विमानाने गेले. मामांची बाग जानोरीला, विमानतळाच्या अगदी शेजारी. मी पोचले तेव्हा मामा कात्रीने घड उतरवत होते, प्रत्येक घड देठाला धरून. काळपट मण्यांवर पांढुरकी साय होती. "अगं, मण्याला बोट लावू नको. ही साय दिल्लीपर्यंत राहिली पाहिजे," मामा म्हणाले. दोन किलोची पेटी घेऊन निघाले.

नाशिक शहरातून येणाऱ्यांना आडगाव, दहावा मैल करत वीसेक किलोमीटर पडतात. जुनी माणसं अजून 'ओझर मिग'च म्हणतात. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला, तेव्हापासूनचं नाव ते.

ओझर ते दिल्ली सरळ रेषेत सुमारे ९९० किलोमीटर. वर गेल्यावर विमान ताशी आठशेच्या आसपास धावतं, म्हणजे सव्वा तासात पोचायला हवं. मग तिकिटावर जवळपास दोन तास का? याचं उत्तर मला खिडकीतून मिळालं. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम, दिल्लीच्याही साधारण तशाच, आणि जायचं उत्तरेला! त्यामुळे दोन्हीकडे वळसा आलाच. शिवाय चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, जमिनीवर रांगत जाण्यातही मिनिटं जातात, आणि तिकिटावरची वेळ हे सगळं धरून असते.

त्या वळशाबद्दल माझी काही तक्रार नाही. विमान कलंडलं तशी बागांमधली शेततळी एकामागून एक चमकली. मग सातमाळा आला आणि त्यात धोडपची ती खाच, कुणी सुरीने कापून काढावी तशी. लहानपणापासून खालून पाहिलेला डोंगर वरूनही लगेच ओळखता आला, याचा मला फार आनंद झाला. पुढे तापी दिसली, मग नर्मदा. त्यानंतर बराच वेळ नुसतं धुरकट.

दार बंद झाल्यापासून दिल्लीत इंजिनं थांबेपर्यंत १ तास ५२ मिनिटं लागली. पण माझा हिशेब वेगळा होता: मामांच्या कात्रीपासून लेकीच्या हातापर्यंत साडेसात तास. त्यात विमानतळावर थांबण्याचा आणि दिल्लीच्या रस्त्यांचा वेळ उड्डाणापेक्षा जास्त.

वसतिगृहाच्या पायरीवरच तिने पेटी उघडली आणि घड देठाला धरून वर उचलला. साय जशीच्या तशी होती. तळाला सुटलेले मणी मी मोजले. तीन.