डिस्क की प्रोसेसर: आठवडाभराच्या मोजमापानंतर

शनिवार, रात्री उशिरा

गेले काही महिने मी मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकले होते की संगणकात आता एनव्हीएमई, म्हणजे अतिवेगवान जोडणीची, डिस्क बसवायची, आणि प्रोसेसरचा विचार पुढे कधीतरी करायचा. आज रात्री तो निर्णय उलटा झाला आहे. तो कसा झाला, हे विसरण्याआधी लिहून ठेवते.

हा संगणक मी स्वतः जोडलेला आहे. त्यात २०१९ साली बाजारात आलेला सहा कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गाभ्यांचा) रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी ४५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि साटा या जुन्या, संथ जोडणीची ५०० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आहे. त्यावरचे माझे मुख्य काम म्हणजे छायाचित्रांच्या रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइली उघडणे, निवडणे, सुधारणे आणि शेवटी त्यांच्या जेपेग प्रती काढणे. साटा जोडणीतून सेकंदाला जेमतेम ५५० मेगाबाइट वाहतात आणि नव्या डिस्कच्या खोक्यांवर ७००० हा आकडा ठळक छापलेला असतो. एवढी तफावत दिसल्यावर कुणाचेही मन तिकडे ओढले जाईल, तसे माझेही गेले.

आता वाटते की मूळ मोह त्या आकड्याचा नव्हताच, तो एका जुन्या आठवणीचा होता. फिरत्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आले, तो दिवस मला अजून आठवतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती माहिती वाचक टोकाखाली येण्याची वाट पाहण्यात सरासरी चार मिलिसेकंद जातात, आणि टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा असतो. एसएसडीमध्ये हे फिरणे आणि सरकणे दोन्ही नसल्यामुळे तोच संगणक त्या दिवशी दुसराच कुणीतरी वाटला होता. तो आनंद पुन्हा एकदा मिळेल, अशी माझी आशा होती. परंतु तेव्हा नाहीसा झाला होता तो विलंब, आणि तो एकदाच नाहीसा होऊ शकतो. कार्यक्रम उघडताना संगणक बहुतांश वेळ लहान लहान तुकडे इकडून तिकडून गोळा करत असतो. अशा वाचनात साटा आणि एनव्हीएमई यांच्यातले अंतर खोक्यावरच्या आकड्यांच्या मानाने फारच थोडे उरते, कारण ७००० चा वेग सलग, मोठ्या फाइलीचा असतो. शिवाय माझा मदरबोर्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या (एनव्हीएमई डिस्क जिच्यावर चालतात त्या जोडणीच्या) तिसऱ्या पिढीचा असल्याने त्यावर तोही आकडा साडेतीन हजारांच्या आसपासच अडला असता.

तरीही केवळ तर्कावर विसंबायचे नाही असे ठरवून सोमवारपासून काम करताना संगणकाचा कोणता भाग किती राबतो आहे हे दाखवणारा टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवला आणि जिथे जिथे मला थांबावे लागले, तिथे कोण व्यग्र आहे हे वहीत टिपत गेले. पहिलीच नोंद अनपेक्षित निघाली. कॅमेऱ्याच्या कार्डावरून छायाचित्रे उतरवून घेताना होणारा उशीर मी इतके दिवस डिस्कच्या नावावर खपवत होते, पण माझे कार्ड यूएचएस-१ प्रकारचे आहे आणि त्या जोडणीची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. डिस्क तिथे निवांत बसून होती. तिच्या जागी कितीही वेगवान डिस्क आणली असती, तरी तीही तशीच बसून राहिली असती.

निर्णायक ठरली ती गुरुवारची नोंद. चारशे छायाचित्रांच्या प्रती काढायला एकतीस मिनिटे लागली. एक रॉ फाइल साधारण २५ मेगाबाइटची आणि तिची प्रत १० मेगाबाइटची धरली, तर एकूण वाचन-लेखन १४ जीबी होते, आणि ते माझ्या आजच्याच डिस्कला अर्ध्या मिनिटाचे काम आहे. उरलेली साडेतीस मिनिटे प्रोसेसरचे बाराही थ्रेड (कामाचे समांतर धागे, प्रत्येक कोअरला दोन) शंभर टक्क्यांना टेकलेले होते. ज्या भागात वेळ जातच नाही, तो कितीही वेगवान केला तरी एकूण वेळ घटत नाही, हा हिशेब जीन ॲमडाल यांनी १९६७ साली समांतर संगणनाच्या संदर्भात मांडला होता. तो माझ्या टेबलावरही तंतोतंत लागू पडला. आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स याच सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेत) बसतो आणि त्याचा प्रत्येक कोअरही आधीच्या पिढीपेक्षा अधिक काम उरकतो. हे काम बावीस-तेवीस मिनिटांवर आले, तरी मला पुरे आहे.

डिस्कविरुद्धची एक तक्रार मात्र खरी होती, कारण मोठे अल्बम साठवताना ती मध्येच रेंगाळायची. पाहिले तर ती ९२ टक्के भरलेली होती. बऱ्याच एसएसडी मोकळ्या जागेचा काही भाग वेगवान तात्पुरत्या साठ्यासारखा वापरतात आणि डिस्क भरत गेली की तो साठा आक्रसतो. शुक्रवारी जुने अल्बम बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले आणि रेंगाळणे थांबले. एवढ्यासाठी मी नवी डिस्क घ्यायला निघाले होते, हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते. माझे काम मोठ्या, कमी दाबलेल्या व्हिडिओंचे असते किंवा एकाच वेळी अनेक आभासी संगणक चालवण्याचे असते, तर कदाचित हीच वही मला डिस्ककडे घेऊन गेली असती.

उद्या नवा प्रोसेसर बसवायचा आहे, त्याची तयारी झाली आहे. मदरबोर्डच्या निर्मात्याच्या यादीत नव्या प्रोसेसरसाठी लागणारी बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीची) आवृत्ती पाहून ठेवली आहे. ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच चढवायची आहे, नाहीतर नवा बसवल्यावर पडद्यावर काहीच उमटणार नाही. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सुविधेने कुलूपबंद असल्याने तिची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून घेतली, कारण प्रोसेसर बदलल्यावर ती विचारली जाण्याची शक्यता असते. कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ कामाला जुंपून तापवायचा आणि मग कूलर हलकेच पिळून सोडवायचा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या थंड, घट्ट झालेल्या उष्णतावाहक पेस्टसकट तो सरळ वर ओढला, तर या सॉकेटमधून प्रोसेसरही त्याला चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.