नोत्र-दामच्या दारांवरचं लोखंड: जुनं आणि नव्यानं घडवलेलं

पॅरिसच्या नोत्र-दाम या मोठ्या चर्चमध्ये लोक दारातून आत शिरतात, पण दार बघायला थांबत नाहीत. मी मुख्यतः दारांसाठीच गेले होते. पश्चिमेच्या तीन दारांवर लोखंडी बिजागऱ्यांच्या पट्ट्या वेलीसारख्या फुटत, वळत अख्ख्या फळीवर पसरल्या आहेत.

समोर उभं राहिलं की उजवीकडचं दार सेंत आनचं, म्हणजे मेरीच्या आईच्या नावाचं. आधी तेच बघा. तिथलं काम मध्ययुगातलं. ते इतकं बारीक आहे की १९व्या शतकात ते ओतीव असावं असाही तर्क होता. या चर्चचा जीर्णोद्धार करणाऱ्या वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूकनं दाखवून दिलं की हे घडीव काम आहे: पानं ठशांवर ठोकून उठवायची, सुटे तुकडे भट्टीत तापवून एकमेकांना सांधायचे आणि सांध्यांवर कडी चढवायची. त्या कड्या नक्षीचाच भाग वाटतात, त्यामुळे सांधा शोधावा लागतो.

मग मधल्या दाराकडे या. दंतकथा सांगते की बिस्कोर्ने नावाच्या कारागिरानं सैतानाच्या मदतीनं बाजूच्या दारांचं काम पुरं केलं. मधल्या दारातून मात्र पवित्र प्रसादाची मिरवणूक जायची, म्हणून तिथं सैतानाचं काही चाललं नाही. मधल्या दारावर तसं काम नव्हतं, एवढं खरं. १७७१मध्ये सूफ्लो या वास्तुविशारदानं मिरवणुकांसाठी इथला मधला खांबही काढून टाकला होता. १८४४नंतरच्या जीर्णोद्धारात खांब परत उभा राहिला आणि बुलांजे या कारागिरानं जुन्या पद्धतीनं नव्या बिजागऱ्या घडवल्या. नक्कल म्हणून हे दार कोणी टाळू नये. हरवलेली विद्या पुन्हा हाताला बसवल्याचा हा पुरावा आहे, आणि तो मूळ कामापासून काही पावलांवर आहे.

वेळ जपून निवडा. दिवसा वापरातली दारं उघडी असतात, मग बिजागऱ्या नीट दिसत नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळी चर्च बंद झाल्यावर जा. पश्चिमेचं तिरपं ऊन थेट दारांवर पडतं आणि पानांचा उठाव दिसतो. दारं बाहेरून बघायला तिकीट लागत नाही. आत जाणंही मोफत आहे, आरक्षणसुद्धा. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. छोटी दुर्बीण न्या, वरच्या पट्ट्या उंचावर आहेत. मेट्रो ४ नंबरची, स्टेशन सिते. पटांगणात खिसेकापूंची भीती असते. मान वर करून बघताना पिशवी पुढे घ्या.